आमची ठमी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने आपल्या अनुभवातले चार शब्द सांगावे, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा. या जागेवरून कुणी यात्रेचा अनुभव सांगितला, कुणी पापड-कुरडयांच्या उद्योगाचा. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव सुचविले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी या गिरगावातून फारशी कुठे गेले नाही, काही मिळविले नाही. मी बापडी काय सांगणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या ठमीचं सांगा की!"

तेव्हा आज मी एका मांजराविषयी बोलणार आहे. कुणाला हसू आले तर खुशाल हसावे. पण त्या मांजराने माझ्या दोन मोठ्या चुका मला दाखवून दिल्या, त्या सांगितल्यावाचून मी खाली बसणार नाही.

गोष्ट २००९ सालच्या श्रावणातली. सोमवार होता. सकाळी दूध घेऊन मी चाळीत शिरले, तो जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या पिंपांच्या मागून बारीक आवाज आला. वाकून पाहिले तर मांजराचे एक पिल्लू. अंगावर करडे पट्टे होते म्हणे. तेव्हा मात्र नुसता चिखल दिसत होता. दोन्ही डोळे चिपडांनी घट्ट चिकटलेले, नाक भरलेले, आणि बरगड्या तर मोजून घ्याव्यात अशा. त्याच्या आईचा पत्ता नव्हता.

आता खरे सांगते. मी ते पाहिले आणि जिना चढून वर आले. घरात सासूबाईंचा उपास, देवाची पूजा व्हायची, दोन्ही मुलांचे डबे. माझ्या मनाने मला सांगितले, चाळीत एवढी बिऱ्हाडे आहेत, कुणीतरी पाहील. दूध तापायला ठेवले. ते उतू जाईपर्यंत मी गॅसपाशी नुसती उभी होते, हे माझे मलाच कळले नाही. मग गॅस बंद केला, जुना पंचा घेतला आणि खाली गेले. तेवढ्या वेळात जिन्यावरून किती माणसे गेली असतील! प्रत्येकाला माझ्यासारखेच वाटले असणार, की कुणीतरी पाहील.

पंच्यात गुंडाळलेले ते पिल्लू पाहून सासूबाई म्हणाल्या, "हे काय आणलंस? आणि घरात मेलं तर? मांजराचं पाप लागलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ठाऊक आहे ना?" मी म्हटले, "दोन दिवस ठेवते. बरं झालं की सोडून देईन." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुपारी मी पाहते, तो खोक्यात त्यांच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा कुणीतरी घातलेला. घरात नऊवारी नेसणाऱ्या त्या एकट्याच. तेव्हा कुणी घातला हे विचारायची गरज नव्हती.

आता माझी पहिली चूक ऐका. मांजर म्हणजे दूध, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो. मी गाईचे दूध कोमट करून ड्रॉपरने पाजले. रात्रीपासून पिल्लाला जुलाब सुरू झाले. मी मुळात स्वच्छतेची भोक्ती. म्हणून जिथे घाण झाली तिथे फिनेल टाकून लादी पुसून काढली, दिवसातून तीनदा, चारदा. दुसऱ्या दिवशी पिल्लाच्या तोंडातून लाळ गळू लागली. ते सारखे शिंकत होते. मी ठरविले, सर्दी-ताप असणार. आपल्याकडे तापाची जी गोळी प्रत्येक घरात असते तिचा चतकोर पाण्यात उगाळून द्यावा, म्हणून मी डबा उघडला. धाकटा मुलगा तेव्हा शाळेत होता. तो म्हणाला, "आई, तिला देण्याआधी कुणा डॉक्टरांना विचार तरी!"

मला रागच आला. दोन मुले वाढविलेल्या बाईला पोर शिकवतो! पण डबा बंद केला आणि टॅक्सी करून परळला गेले. परळचे बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आपल्यापैकी पुष्कळ जणींना बाहेरून ठाऊक असेल. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही त्याला लागूनच आहे. मी मात्र तोवर त्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकले नव्हते. आत जाऊन पाहते, तो कुणी बकरी आणलेली, कुणी पोपट, कुणी हातगाडीवर घालून म्हातारा कुत्रा. माझ्या मांडीवर पंचा पाहून कुणी हसले नाही.

तपासणारी डॉक्टरीण वयाने माझ्या थोरल्या मुलाहून थोडी मोठी असेल. तिने पिल्लू काट्यावर ठेवले. भरले ३५० ग्रॅम. दात पाहून म्हणाली, "दीड महिन्याचं आहे. या वयाला ६००-७०० ग्रॅम तरी हवं होतं." मग ताप पाहिला. मला वाटत होते पिल्लू तापाने फणफणले आहे, निघाले उलटेच. मांजराच्या अंगाची ऊब आपल्याहून जास्त असते, साधारण १००.५ ते १०२.५ अंश. आमचे पिल्लू ९७ वर आले होते. म्हणजे ते गार पडत चालले होते.

मग तिने मला विचारायला सुरुवात केली. काय पाजलंत? दूध. ऊब दिलीत? नाही. फरशी कशाने पुसता? मी अभिमानाने म्हटले, "फिनेलने! दिवसातून चारदा." तिने हातातले काम थांबविले आणि सारे समजावून सांगितले. ते मी तुम्हांला तसेच सांगते, कारण आपणा सर्वांच्याच घरी उपयोगी पडणारे आहे.

गाईच्या दुधातली साखर मांजरीच्या दुधातल्यापेक्षा जास्त, आणि प्रथिने व चरबी कमी. पिल्लाला ती साखर नीट पचत नाही, म्हणून जुलाब लागतात, आणि जुलाबाने अंगातले पाणी जाते. गार पडलेल्या पिल्लाचे पोटही काम करीत नाही. म्हणून आधी ऊब द्यायची आणि मग खायला. फिनेलची गोष्ट आणखी वाईट. काही पदार्थांचे विष आपले यकृत उतरवू शकते, मांजराचे यकृत तसे करू शकत नाही. मांजर फरशीवरून चालते आणि मग पाय चाटते. जे पायाला लागले ते पोटात जाते. आणि ती तापाची गोळी! पॅरासिटामॉलची आपली नेहमीची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. एवढ्याशा पिल्लाला चतकोरही पुरला असता.

मी गप्प बसले. भगिनींनो, मी त्या पिल्लाला मायेने घरी आणले होते. माझ्या मनात त्याचे वाईट व्हावे असा विचार स्वप्नातही नव्हता. तरीसुद्धा दोन दिवस मी त्याला मारीतच होते. जिन्याखाली ते उपाशी मेले असते, माझ्या घरात ते माझ्या मायेने मेले असते, एवढाच काय तो फरक.

डॉक्टरीणबाईने कातडीखाली सलाइन दिले, डोळ्यांत घालायचे थेंब आणि प्रतिजैविक औषध लिहून दिले. म्हणाली, मांजरांचा हा सर्दीचा आजार माणसांना लागत नाही. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. म्हणून अन्न कोमट करून पुढे ठेवा, म्हणजे वास उठतो. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसा. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी असू द्या, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला सरकता येईल. "आणि खायला बाजारात पिल्लांचं खास अन्न मिळतं ते द्या, नाहीतर उकडलेली कोंबडी, मासा. मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, तो मांजराला विषासारखा. दूधभात, दूधपोळीवर मांजर जगत नाही."

मी म्हटले, "बाई, आमच्या घरी हे काही चालत नाही." ती हसली. म्हणाली, "तुम्ही शाकाहारी आहात. ती नाही."

तिने कारणही सांगितले. टॉरिन नावाचा एक पदार्थ मांजराला मांसामाशातूनच मिळवावा लागतो. त्याच्या शरीरात तो पुरेसा तयार होत नाही. तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय दुबळे होते. हृदयाचा हा संबंध अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला. मुळात मांजर हा वाघाच्याच कुळातला प्राणी. त्याला वरणभातावर ठेवून आपण पुण्य जोडीत नसतो.

झाले! आता हे खाणे आणायचे कुठून? खास अन्नाची पाकिटे त्या वेळी आमच्या आसपास सहज मिळत नव्हती. घरात सासूबाईंचे सोवळे, त्यातून श्रावण. आणि मला तरी कुठे कोंबडी उकडता येत होती?

आमच्या शेजारच्या खोलीत एक मालवणी काकू राहतात. आज त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून जपून सांगते. २००३ सालापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण काय, तर गॅलरीत पाण्याचे पिंप कुणाचे कुठे ठेवायचे! पहाटे पाणी येई, दोघी समोरासमोर उभ्या राहून पिंपे भरीत असू, आणि सहा वर्षांत एक शब्द नाही. हळदीकुंकूसुद्धा बंद. चूक कुणाची होती हे तेव्हा मला पक्के ठाऊक होते. आता आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. काय बोलावे ते सुचेना. पदराखालचे पिल्लू पुढे केले आणि म्हटले, "काकू, हिला उकडलेली कोंबडी द्यायला सांगितली आहे. आमच्याकडे... तुम्हांला ठाऊकच आहे." तेवढ्यात मला आठवले, त्यांच्याकडेही श्रावण पाळतात. मी परत फिरणार, इतक्यात त्यांनी पिल्लू माझ्या हातातून घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "श्रावण माका आसा. ह्या पिलाक खंयचो श्रावण?"

अर्ध्या तासाने वाटीत कोमट कोंबडी आली, कुस्करून मऊ केलेली. स्वतः महिनाभर ज्याला हात लावायचा नाही, ते त्यांनी शेजारणीच्या मांजरासाठी वेगळ्या भांड्यात शिजविले, आणि मग पुन्हा अंघोळ केली. पिल्लाने आधी नुसते नाक लावले. मग एक घास घेतला. मग दुसरा. आम्ही दोघी गॅलरीत, त्याच पिंपांपाशी, उकिडव्या बसून बघत होतो. सासूबाई आतून म्हणाल्या, "जेवली का ती ठमी?" एवढीशी म्हणून ठमी. तेच नाव पडले.

ठमी जगली. महिन्याभरात तिचे वजन दुप्पट झाले. त्या वेळच्या आजाराची खूण म्हणून एक डोळा जन्मभर थोडा पाणावलेला राहिला. त्या सर्दीचा एक विषाणू अंगात राहतोच आणि मांजर थकले की डोके वर काढतो. तिला तीन आजारांची एकत्र लस दिली, मग तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. तिचे जेवण गॅलरीच्या कोपऱ्यात, वेगळ्या ताटलीत. सासूबाई त्या वेळी गॅलरीकडे पाठ करून बसत. पण ताटली यायला उशीर झाला, तर काकूंना हाक त्यांचीच जाई.

सहा महिन्यांची होताच डॉक्टरीणबाईने शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगितले. लगेच चाळीत बोलणे सुरू झाले, "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर शाप लागतो." या वेळी मी ऐकीव गोष्टीवर थांबले नाही, विचारून घेतले. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत वितात आणि वर्षात दोन-तीनदा विऊ शकतात. एका वेळी चार पिल्ले धरली तरी हिशेब करा. ती सारी जिन्याखालीच येणार, आणि त्यांतली बहुतेक ठमीसारखीच आजारी पडून मरणार. शिवाय वेळेवर शस्त्रक्रिया केली तर मांजरीला स्तनाच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचे दुखणे टळते. ठमीची शस्त्रक्रिया झाली. पुढे काकूंनी आणि मी चाळीतल्या आणखी तीन मांजरींच्या शस्त्रक्रिया प्राणिमित्रांच्या मदतीने करून घेतल्या. त्यानंतर दर पावसाळ्यात जिन्याखाली जे केविलवाणे ओरडणे ऐकू येई, ते पुष्कळ कमी झाले. आधी दरवर्षी कुणीतरी ती पिल्ले पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून येत असे. तसे उपाशी मरायला सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही आम्हांला तेव्हाच कळले.

आता दुसरी चूक. ती सांगताना अजून लाज वाटते.

२०१७ साली आमच्या थोरल्या सूनबाईला दिवस गेले. घरात आनंद. पण आठवड्याभरात जो येई तो ठमीकडे बोट दाखवू लागला. मांजरापासून एक रोग होतो, गर्भ टिकत नाही, मूल आंधळे होते. विहीणबाईंचा फोन आला, "मांजर अजून घरात आहे का?" आठ वर्षे ज्या मांजराला मी पोटच्या पोरासारखे जपले, तिच्याकडे बघून माझ्या छातीत धडकी भरू लागली. एके दिवशी दुपारी सगळे झोपलेले पाहून मी कापडी पिशवी काढली. लांबच्या एका नातेवाइकांकडे अंगण आहे, तिथे नेऊन सोडायचे मनात होते. ठमी पिशवीत आपण होऊन शिरली. पिशवी म्हणजे डॉक्टरीणबाई, एवढेच तिला ठाऊक!

मी दार उघडले, तो मागून सूनबाईचा आवाज आला, "आई, कुठे निघालात?"

मी सांगितले. तिने पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "पण आई, आपण डॉक्टरांना विचारलं का?"

भगिनींनो, गोळीच्या डब्यापाशी माझ्या मुलाने जो प्रश्न केला होता, तोच हा. मधल्या आठ वर्षांत मी चाळीभर सांगत फिरत होते, की ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, विचारा. आणि स्वतःच्या घरी भीती शिरली, तेव्हा मीच विचारायला विसरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे. हा रोग खरा आहे, त्याला टॉक्सोप्लाझ्मोसिस म्हणतात, आणि गरोदरपणात तो पहिल्यांदा झाला तर बाळाला अपाय होऊ शकतो. तेव्हा काळजी घ्यायलाच हवी. पण मांजर अंगाला लागल्याने तो होत नाही. मांजराला पहिल्यांदा लागण झाली, तर एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून त्या रोगाचे बीज बाहेर पडते. पुढे सहसा पडत नाही. तेही पडल्याबरोबर लागत नाही, त्याला निदान एक दिवस जावा लागतो. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज काढावी, आणि ती गरोदर बाईने काढू नये, दुसऱ्याने काढावी. मांजराला कच्चे मांस देऊ नये. आणि पुष्कळ लोकांना हा रोग अर्धवट शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीपाल्यातून आणि मातीतून लागतो, तिकडे कुणाचे लक्षच नसते. "तुमच्या मांजराला सगळं उकडून घालता ना? मग रोज सकाळी घाण तुम्ही काढा, हात साबणाने धुवा, भाज्या नीट धुऊन घ्या, आणि मांजर सुखाने घरात राहू द्या." सूनबाईची रक्ततपासणीही त्यांनी करून घेतली.

तेव्हापासून सारे त्यांच्या सांगण्याप्रमाणे केले. नात सुखरूप झाली. बाळापाशी मांजराला एकटे सोडायचे नाही, हा नियम आम्ही कसोशीने पाळला. पाळण्याला जाळी लावली. ठमी पाळण्याखाली बसे, आणि नात रडली की आधी उठून माझ्याकडे येई.

सासूबाई २०१८ साली गेल्या. शेवटचे चार महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. ज्यांनी आयुष्यभर सोवळे पाळले, त्यांच्या पायांशी ठमी दिवसभर झोपलेली असे आणि त्या तिला हाकलू देत नसत. म्हणायच्या, "माझे पाय गार पडतात, ती ऊब देते." मला त्या ९७ अंशांची आठवण व्हायची. लुगड्याच्या तुकड्याची परतफेडच ती.

पुढे २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. मासळी बंद, दुकाने कधी उघडी कधी बंद. काकूंनी त्या दिवसांत स्वतः डाळभात खाल्ला, पण जी काही कोंबडी मिळाली, तिच्यातून ठमीचा वाटा आधी काढला. त्यांचा मुलगा तेव्हा परगावी अडकला होता, त्या खोलीत एकट्या. मग मी म्हटले, ताटली तिकडून इकडे येते, तर ताट इकडून तिकडे का जाऊ नये? सकाळचे वरणभात-पोळीभाजी आमच्याकडून, ठमीचे जेवण त्यांच्याकडून. पिंपे अजून तिथेच आहेत. कुणाचे कुठले, ते आता विचारत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात ठमी पाणी फार पिऊ लागली आणि वाळत चालली. म्हाताऱ्या मांजरांत ही मूत्रपिंडाच्या दुखण्याची खूण असते. तपासणीत तेच निघाले. ते बरे होत नाही, फक्त सुसह्य करता येते. डॉक्टरीणबाईने मला कातडीखाली सलाइन द्यायला शिकविले. मी सुई टोचायची, काकूंनी ठमीला धरायचे. पहिल्या दिवशी माझा हात कापत होता आणि ठमी मात्र निमूट बसली होती. असे सहा महिने गेले.

२०२४ च्या फेब्रुवारीत ती खाईनाशी झाली. चौदा वर्षे उलटलेली. माणसाच्या हिशेबी म्हणजे सत्तरी ओलांडलेली. डॉक्टरीणबाईने शांतपणे सांगितले, तिला त्रास होऊ लागला तर शेवटचे इंजेक्शन देता येते. नाहीतर घरी ऊब द्या, जवळ बसा, बळेच भरवू नका. मी विचार करायला एक रात्र मागून घेतली. त्या रात्री काकू आणि मी दोघी जाग्या होतो. लुगड्याचा तो तुकडा धुऊन धुऊन जाळीदार झाला होता. त्याच्यावरच पहाटे, पाणी यायच्या वेळेला, ठमी गेली. मला काही ठरवावे लागले नाही. त्या दिवशी आम्ही दोघींनी पाणी भरले नाही. चाळीतल्या मुलांनी आमची पिंपे भरून ठेविली.

हे ऐकून कुणी म्हणेल, एका मांजरासाठी केवढा हा प्रपंच! म्हणोत. मला या चौदा वर्षांत एकच कळले. माया असली म्हणजे सारे आपोआप बरोबर होते, असे नाही. ऐकीव गोष्टीवर मी एकदा ठमीला विष पाजणार होते आणि ऐकीव गोष्टीवरच एकदा तिला घराबाहेर काढणार होते. दोन्ही वेळा एका प्रश्नाने ती वाचली, आणि तो प्रश्न दोन्ही वेळा माझ्याहून लहान माणसाने विचारला. सहा वर्षे शेजारणीशी अबोला धरून बसले होते, तेही असेच. ती बोलणार नाही, असे मी आपल्या मनाशी ठरवूनच टाकले होते. दारात उभे राहून विचारले नव्हते.

म्हणून जाता जाता एवढेच सांगते. जिन्याखाली, बोळात असे पिल्लू दिसले, तर आधी थोडा वेळ लांबून पाहा, त्याची आई जवळपास असेल तर तिलाच नेऊ द्या. आई नसेल, पिल्लू आजारी असेल, तर आधी ऊब द्या, गाईचे दूध पाजू नका, आपल्या डब्यातली गोळी देऊ नका आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. फरशी पुसायचे फिनेल त्याच्यापासून दूर ठेवा. अनोळखी मांजराने चावले, ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हयगय करू नका. आणि मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्या. जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला खोके आणि लुगड्याचा तुकडा आपण पुरवू शकणार नाही.

जमले तर गॅलरीच्या कोपऱ्यात पाण्याची एक वाटी ठेवा. आमच्या गॅलरीत अजून आहे. ठमी नसली तरी रोज पहाटे पाणी आले की पहिली वाटी ती भरली जाते. एक दिवस मी भरते, एक दिवस काकू.